‘अमेरिकेने शुद्ध करून दिलेलं’ गॅचामान? त्या फॉरवर्डला उत्तर

व्हॉट्सॲपवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ‘गॅचामान’ ही जपानी सुपरहिरो मालिका मुळात मोठ्या माणसांसाठी होती, रक्तपात, शिव्या आणि विकृतीने भरलेली. अमेरिकेच्या कायद्यामुळे ती तिथे साफ करावी लागली. ‘बॅटल ऑफ द प्लॅनेट्स’ या इंग्रजी आवृत्तीत कथा तीच ठेवून फक्त घाण काढली. ही इंग्रजी आवृत्ती नसती तर जगाला गॅचामान कळलंच नसतं. तेव्हा मुलांना दाखवायचं तर इंग्रजीच दाखवा, जपानी नको.

असले मजकूर मी एरवी न वाचता पुसते. हा मात्र माझ्या बहिणीने पाठवला, वर ‘ताई, तूच त्याच्या डोक्यात हे जपानी खूळ भरलंस’ असं लिहून. अकरा वर्षांच्या भाच्याचं गॅचामान त्याच दिवशी बंद झालं. मूळ मालिकेचा एकही भाग न पाहिलेल्या कुणीतरी लिहिलेल्या मजकुरावरून घरात निर्णय होतात याची मला चीड येते. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘मोठ्या माणसांसाठी होती’ हे सरळ खोटं आहे. तात्सुनोको या स्टुडिओने ती बनवली, तात्सुओ योशिदा तिचे जनक. १ ऑक्टोबर १९७२ पासून सप्टेंबर १९७४ पर्यंत फुजी टीव्हीवर रविवारी संध्याकाळी सहा वाजता, घरातली सगळी पोरं टीव्हीसमोर असतात त्या वेळेला, ती लागायची. एकूण १०५ भाग. पक्ष्यांच्या पोशाखातली पाच तरुण मुलं, त्यांचं आग ओकत उडणारं विमान आणि गॅलॅक्टर नावाची जगभर पसरलेली गुन्हेगारी संघटना. हे मुलांसाठीच बनवलेलं होतं. फरक इतकाच की बनवणाऱ्यांनी मुलांना मूर्ख समजलं नव्हतं.

अर्धं खरं आहे ते मान्य करते. मूळ मालिकेत माणसं मरतात आणि कधीकधी रक्तही दिसतं. मारामारीत संघातल्या जून नावाच्या मुलीचा आखूड स्कर्ट उडतो असे काही शॉट आहेत, ते मलाही आवडत नाहीत. पाच वर्षांच्या मुलाला ही मालिका एकट्याने बघायला मी बसवणार नाही. पण ‘पाच वर्षांच्या मुलासाठी नाही’ आणि ‘विकृत आहे’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

शिव्यांचा मुद्दा तर संतापजनक आहे. फॉरवर्ड म्हणतो, संघातला सगळ्यात लहान मुलगा इतक्या शिव्या द्यायचा की इंग्रजीत त्या झाकायला त्याच्या तोंडी चित्रविचित्र आवाज घालावे लागले. ही अफवा इंग्रजी चाहत्यांमध्ये कित्येक वर्षं फिरते आहे, तीच कुणीतरी मराठीत आणून सोडली. मूळातला हा मुलगा जिनपेई. जून एक छोटं स्नॅक-बार चालवते, तिथे तो तिच्या हाताखाली राबतो. दोघंही अनाथ, सख्ख्या भावंडांसारखी राहणारी. तो आगाऊ आहे, मोठ्यांना उलटून बोलतो, संघनायक केनची टिंगल करतो. शिव्या नाहीत. कुठल्याही घरातला चुणचुणीत धाकटा बोलतो तसं बोलतो.

इंग्रजीत त्याचा कीऑप केला. प्रत्येक वाक्याआधी घशातून गुरगुर, टुट्-टुट्, अडखळणं, मग दोन-तीन तुटक शब्द. कारण काय दिलं, तर म्हणे हा मुलगा कृत्रिमरीत्या जन्माला घातलेला आहे, म्हणून त्याची वाणी अशी. धडधाकट बोलणाऱ्या मुलाला अमेरिकेत वाचादोष चिकटवला आणि त्या दोषावर भागाभागात हशा पिकवला. वर्गात अडखळत बोलणाऱ्या पोराला चिडवायला आणखी काय लागतं? आणि फॉरवर्ड याला शुद्धीकरण म्हणतो!

आता ‘कथा तीच, फक्त घाण काढली’ हा दावा. यावर मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण बहिणीला पटला तो हाच.

सँडी फ्रँक या अमेरिकी वितरकाला ही मालिका १९७७ मध्ये फ्रान्समधल्या कान शहरात भरणाऱ्या टीव्ही-कार्यक्रमांच्या बाजारात दिसली. त्याच वर्षी मे महिन्यात ‘स्टार वॉर्स’ आला आणि अमेरिकेत अंतराळाशिवाय दुसरं काही विकेना. मग १९७८ च्या इंग्रजी आवृत्तीत पृथ्वीवर घडणारी मालिका उचलून अंतराळात नेली. नावच बघा, ग्रहांची लढाई. मूळात गॅलॅक्टर पृथ्वीवरचीच संघटना आहे. तिच्यामागची खरी शक्ती परग्रहावरची निघते, हे कबूल, पण तिची माणसं, तिचे अड्डे, तिचे हल्ले सगळे इथले. इंग्रजीत ती स्पेक्ट्रा नावाच्या ग्रहावरची फौज झाली. चित्रं तर बदलता येत नव्हती. म्हणून पडद्यावर साधा रस्ता, मोटारी, समुद्रकिनारा दिसतो आणि निवेदन सांगतं की आपण दुसऱ्या ग्रहावर आहोत.

यात काय गेलं ते सांगते. १९७२ चा जपान म्हणजे मिनामाता गावात एका कंपनीच्या कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्यामुळे झालेल्या विषबाधेचे खटले चालू असलेला जपान. मालिका चालू असतानाच, १९७३ मध्ये, त्या खटल्याचा निकाल कंपनीविरुद्ध लागला आणि त्याच वर्षी तेलाचं संकट आलं. मालिकेतली आंतरराष्ट्रीय विज्ञान संस्था पृथ्वीच्या पोटातून ऊर्जा काढायचा मँटल प्रकल्प उभारते आहे आणि गॅलॅक्टरची अजस्र यंत्रं युरेनियमवर, साधनसंपत्तीवर डल्ला मारत हिंडताहेत, ते या वातावरणातून आलेलं आहे. शत्रू दूरच्या ग्रहावर ढकलला की हे सगळं बिनबुडाचं होतं. मग उरते ती विमानांची पळापळ.

आणि तो यंत्रमानव! फॉरवर्डमध्ये लिहिलंय, ‘मुलांचा लाडका ७-झार्क-७ इंग्रजीतही तसाच ठेवला’. तसाच ठेवला? मूळ मालिकेच्या १०५ पैकी एकाही भागात तो नाही. तो अमेरिकेत नव्याने चितारून मध्ये चिकटवला, ‘स्टार वॉर्स’मधल्या आर२-डी२ या यंत्रमानवावरून. समुद्राच्या तळाशी सेंटर नेपच्यून नावाच्या ठाण्यात बसलेला, लाल झूलवाला. सोबत यंत्र-कुत्रा. मूळ चित्रं आणि ही चित्रं शेजारी ठेवा, दोन वेगळ्या हातांचं काम लहान मुलालाही कळतं. कापलेल्या दृश्यांची मिनिटं भरून काढायची आणि कापाकापीमुळे तुटलेली कथा तोंडी सांगून जोडायची, हे त्याचं काम.

त्याचं तिसरं काम सगळ्यात घातक. पडद्यावर प्रचंड यंत्र शहरात घुसतं. इमारती कोसळतात, ज्वाळा उठतात. माणसं पळताना, चिरडली जाताना दिसली असती ते तुकडे कापलेले. आणि झार्क येऊन सांगतो की काळजी नको, शहर आधीच रिकामं केलं होतं. शत्रूची विमानं धडाधड फुटतात, तर ती म्हणे यंत्रमानव चालवत होते. बॉम्ब तोच, स्फोट तोच, फक्त त्याखाली कुणी नसतं. माझ्या बहिणीला हे सुरक्षित वाटतं, मला उलट वाटतं. मारामारी काढून टाकली असती तर मी समजू शकले असते. इथे मारामारी ठेवली, तिचा थरार विकला आणि तिची किंमत तेवढी पुसली. शहर जळलं तरी कुणाचं काही जात नाही, असं आठ-दहा वर्षांच्या मुलाला भाग-भागभर दाखवलं, ते हिंसेपासून संरक्षण झालं का? मूळ मालिकेत माणूस मरतो तेव्हा कुणीतरी रडतं, कुणाचा तरी बाप गेलेला असतो, कुणी सूडाने पेटतं आणि त्या सूडाची फळंही भोगतं.

संघातल्या कॉन्डोर जोचंच घ्या. त्याचे आई-वडील गॅलॅक्टरसाठी काम करत होते आणि गॅलॅक्टरनेच त्यांना मारलं, त्याच्या डोळ्यांदेखत. तो राग घेऊनच हा मुलगा १०५ भाग जगतो. शेवटी डोक्यातल्या जखमेने तो खचत चाललाय, हे साथीदारांपासून लपवून एकटाच शत्रूच्या अड्ड्यावर जातो, काराकोरमच्या डोंगरात. गोळ्या खाऊन मरायला टेकलेला असताना त्याने फेकलेलं पिसाचं शस्त्र नेम चुकून यंत्रात कुठेतरी जाऊन अडकतं. पुढे पृथ्वी नष्ट करणारी उलटमोजणी चालू होते, बाकीच्या चौघांना ती थांबवता येत नाही, आणि आकडा ०००२ वर येऊन आपोआप थांबतो. त्या पिसाने चाकं अडवलेली असतात. का थांबलं हे त्या चौघांना कधीच कळत नाही. बघणाऱ्याला कळतं.

‘कथा तीच’ म्हणणाऱ्या इंग्रजी आवृत्तीत हा शेवट नाहीच. १०५ पैकी ८५ भाग केले आणि जोचा मृत्यू ज्यात आहे ते शेवटचे भाग घेतलेच नाहीत. मालिकेचा शेवट कापून टाकायचा आणि कथा तीच म्हणायचं, हे कुठल्या तोंडाने?

खलनायकाबद्दल थोडंच. बर्ग कात्से हा मूळात जुळ्यांपासून एकत्र घडवलेला जीव आहे, कधी पुरुष, कधी स्त्री. फॉरवर्डला ही विकृती वाटते. मालिकेत त्याचा अश्लीलतेशी काडीचाही संबंध नाही. वेषांतर करणाऱ्या शत्रूचं ते रहस्य आहे आणि त्याच्या एकटेपणाचं मूळही. इंग्रजीत त्याचा झोल्टार झाला आणि स्त्रीरूप दिसलं तिथे ‘ही झोल्टारची बहीण’ असं सांगून वेळ मारून नेली. अर्धनारीनटेश्वराला हात जोडणाऱ्या घरात यावरून एवढा गहजब व्हावा याचं मला नवल वाटतं.

कायद्याचं म्हणाल तर असा कायदाच नव्हता. सँडी फ्रँक ही मालिका एखाद्या राष्ट्रीय नेटवर्कला नाही, गावोगावच्या स्थानिक वाहिन्यांना सुटी विकत होते. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या वरिष्ठ सरकारी आरोग्य अधिकाऱ्याचा, टीव्हीवरच्या हिंसेवरचा अहवाल आला होता, पालक संघटना वाहिन्यांवर चिडून होत्या आणि तक्रारी येतील असा माल वाहिन्यांना नको होता. ही बाजारातली भीती होती, सरकारी हुकूम नव्हता. फॉरवर्डमध्ये मुलांच्या टीव्ही-कार्यक्रमांसाठी लढणाऱ्या पेगी चॅरेन यांच्या संघटनेवरही खापर फोडलंय. त्यांचा मुख्य रोख मुलांना माल विकणाऱ्या जाहिरातींवर होता आणि सेन्सॉरशिपला तर त्यांचा जाहीर विरोध असायचा.

आणि हे सगळं करणं भाग होतं, दुसरा मार्गच नव्हता, या म्हणण्याला एकच पुरावा पुरेसा आहे. १९८६ मध्ये अमेरिकी टीव्ही-उद्योजक टेड टर्नर यांच्या कंपनीसाठी हीच मालिका पुन्हा इंग्रजीत झाली, ‘जी-फोर्स’ नावाने. ती फ्रेड लॅड यांनी केली. हे कुणी जपानवेडे पोरगे नव्हेत. १९६३ मध्ये ‘ॲस्ट्रो बॉय’ अमेरिकेत आणणारे, जपानी मालिका इंग्रजीत करायची वाट ज्यांनी पाडली ते हे गृहस्थ. देश तोच, प्रेक्षक तीच मुलं, भागही ८५. लॅडनी यंत्रमानव काढून टाकला, शत्रूला पुन्हा गॅलॅक्टर म्हटलं, कथा पृथ्वीवर आणली आणि हिंसाही बरीच तशीच राहू दिली. त्यातही दोष आहेत, पात्रांची नावं तर हास्यास्पद. केनचं एस गुडहार्ट केलं! तरी मूळ कथा ओळखू येते. आठ वर्षांनी तिथलाच माणूस ते करू शकला, याचा अर्थ १९७८ ची कापाकापी मुलांच्या भल्याची गरज नव्हती. तो विक्रीचा निर्णय होता.

राहिलं ‘इंग्रजी आवृत्ती नसती तर जगाला कळलंच नसतं’. यात तथ्य आहे, मन मारून का होईना मी ते मान्य करते. ‘बॅटल ऑफ द प्लॅनेट्स’ अमेरिकेत लागली, ब्रिटनमध्ये बीबीसीवर लागली, आणि एक अख्खी पिढी त्या पाच जणांवर भाळली. अॅलेक्स रॉससारखा नावाजलेला कॉमिक-चित्रकार त्याच पिढीतला. २००२ मध्ये या मालिकेवर कॉमिक्स निघाली तेव्हा त्याने त्यांची मुखपृष्ठं जीव ओतून रंगवली. होइट कर्टिन यांनी इंग्रजीसाठी दिलेलं शीर्षकसंगीतही उत्तम आहे, मी ते अजून ऐकते. पण ही मुलं भाळली ती योशिदांच्या चित्रांवर, त्या झुलींवर, त्या उड्यांवर, पेटत्या विमानावर. झार्कवर भाळलेला चाहता मला अजून भेटायचाय. योशिदा सप्टेंबर १९७७ मध्येच, ४५ व्या वर्षी गेले. आपल्या मालिकेचं परदेशात काय झालं ते त्यांनी पाहिलंच नाही.

तेव्हा बहिणीला आणि तिच्यासारख्या आई-बापांना माझं सांगणं: इंग्रजीच हवं असेल तर न कापलेले सगळेच्या सगळे १०५ भाग २००५ पासून इंग्रजी डबिंगसह डीव्हीडीवर निघालेले आहेत, जपानी आवाज आणि उपशीर्षकंही त्यात आहेत. मुलाशेजारी बसून पाहा. रक्ताचा शॉट आला तर त्याच्याशी बोला, नको वाटला तर पुढे ढकला. अकरा वर्षांच्या मुलाला मरण म्हणजे काय ते ठाऊक असतं. गेल्या वर्षी आजोबा गेले तेव्हा तो सगळं बघतच होता.