चायनामनचा तो फॉरवर्ड पुढं ढकलायच्या आधी

कुलदीप यादवनं दोन विकेट काढल्या की सोलापुरातल्या कुठल्याबी ग्रुपवर तो मेसेज येतोयच. चायनामन म्हणजे डावखुऱ्याची गुगली, 1933 ला चीनच्या एलिस अचाँगनं शोधली, इंग्लंडचा रॉबिन्स आऊट होऊन 'चायनामन' म्हणजे चिनी माणूस अशी शिवी घालत गेला म्हणून हे नाव पडलं, आणि आता आयसीसीनं शब्दावर बंदी घातलीय.

गुगलीचं तर सरळ उलटं हाय बे. डावखुरा बॉलर मनगटानं फिरवतो आणि टप्पा पडून बॉल उजव्या बॅट्समनच्या आत येतो, ऑफकडनं लेगकडं, तो चायनामन, म्हणजे त्याचा रोजचा बॉल. गुगली म्हणजे तशाच हातानं टाकलेला फसवा बॉल, तो बाहेर जातो. कुलदीपला लोकं फसतात ते यामुळंच, हात बघून आत येईल म्हणून खेळायला जातात न बॉल बाहेर निघतो, सगळेच गुगली असते तर फसायचं काय कारण?

अचाँग चीनचा नव्हता, त्रिनिदादचा होता, घराणं तेवढं मूळचं चिनी. आपला भारताचा बॅट्समन पॉली उम्रीगर पारशी, जन्म सोलापूरचा, त्याला कुणी इराणचा म्हणतं का?

आता रॉबिन्स. मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर तो 55 वर अचाँगच्या बॉलिंगवर स्टम्प झाला हे खरंय, स्कोअरकार्डात हाय. शिवीचा किस्सा मात्र सांगोवांगीचा, त्यात वेस्ट इंडिजच्या कॉन्स्टंटाईननं म्हणे विचारलं, बॉलरला म्हणतोय का बॉलला? किस्सा झकासच हाय, पण मँचेस्टर गार्डियन पेपरात यॉर्कशायरचा बॉलर रॉय किलनरबद्दल लिहिताना हा शब्द 1926 लाच छापून आलाय, मग 1933 ला नाव पडलं कसं? आणि अचाँग स्वतः बहुतेक वेळा बोटानं फिरवणारा साधा लेफ्ट आर्म स्पिनर, त्यामुळं शोध लावला वगैरे सोडूनच द्या.

बंदीचं म्हणाल तर क्रिकेटच्या नियमांच्या पुस्तकात हा शब्द नाहीच, बंदी घालणार कशावर? विस्डेन या क्रिकेटच्या वार्षिकानं 2018 च्या अंकात तो सोडला, क्रिकइन्फो या वेबसाईटनं 2021 ला, कारण चिनी वंशाच्या लोकांना तो हिणवल्यासारखा लागतो. त्याजागी लेफ्ट आर्म रिस्ट स्पिन लिहितात, जरा लांबलचक हाय पण बॉलर काय करतोय ते तरी कळतं.

एवढं वाचून फॉरवर्ड करायचाच असेल तर निदान गुगलीची ओळ तरी काढा की राव.