शॅम्पूच्या बाटलीवरची बाई

'टॅक्सी ड्रायव्हर' या अमेरिकन सिनेमाचा विषय निघाला की आपल्याकडची सिनेमावाली मंडळी नायक डी निरोवर तासभर बोलतात, मग दिग्दर्शक स्कॉर्सेसी, मग जोडी फॉस्टर. बेट्सीचं, म्हणजे ती भूमिका करणाऱ्या सिबिल शेफर्डचं नाव निघालं तर कुणीतरी हमखास म्हणतं, "ती ना, दिसायला छान होती. मॉडेलच होती मुळात." परवा एका ग्रुपवर हे परत वाचलं आणि डोकं फिरलं. म्हणून ही लांबलचक पोस्ट. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे स्क्रोल करावं.

सिबिल शेफर्ड. जन्म १९५०, गाव मेम्फिस, टेनेसी. सोळाव्या वर्षी 'मिस टीनएज मेम्फिस', अठराव्या वर्षी 'मॉडेल ऑफ द इयर', मग न्यूयॉर्क आणि मासिकांची मुखपृष्ठं. १९७० साली पीटर बॉग्दानोविच नावाचा तरुण दिग्दर्शक सुपरमार्केटात बिलाच्या रांगेत उभा होता. समोर 'ग्लॅमर' मासिकाचा अंक, त्यावर ही. बॉग्दानोविचने स्वतःच सांगितलेला किस्सा आहे. अभिनयाचा अनुभव शून्य असलेल्या या मुलीला त्याने 'द लास्ट पिक्चर शो'मध्ये (१९७१) जेसी फॅरोची भूमिका दिली. टेक्सासमधलं ओस पडत चाललेलं गाव, कृष्णधवल चित्रण, आणि त्यात ही गावातली सगळ्यात देखणी पोरगी. आपल्याकडे सगळे बघतायत हे तिला पक्कं ठाऊक आहे आणि त्याचं नक्की करायचं काय, हे मात्र कळत नाहीये. सिनेमाला ऑस्करची आठ नामांकनं मिळाली. पुढच्याच वर्षी दिग्दर्शिका इलेन मेच्या 'द हार्टब्रेक किड'मध्येही ती चोख होती.

मग माशी शिंकली. शूटिंगच्या काळातच तिचं आणि बॉग्दानोविचचं जुळलं, त्याचं लग्न मोडलं. त्याची बायको पॉली प्लॅट त्याच सिनेमाची प्रॉडक्शन डिझायनर होती, रोज सेटवर हजर. लोकांची सहानुभूती कुणाला मिळाली हे सांगायला नको, आणि ते मला अगदीच गैर वाटत नाही. पण त्याचा वचपा काढला गेला तो तिच्या अभिनयावर. त्याने तिला घेऊन केलेला 'डेझी मिलर' (१९७४) पडला. १९७५च्या 'ॲट लाँग लास्ट लव्ह'मध्ये तर जुन्या काळचा गीतकार-संगीतकार कोल पोर्टर याची गाणी नटांनी सेटवर कॅमेऱ्यासमोरच गायची, आधी रेकॉर्ड करून ओठ हलवायचे नाहीत, असा बॉग्दानोविचचा हट्ट. समीक्षक हात धुऊन मागे लागले. सिनेमा फसलेला आहेच, मी काही त्याची वकिली करणार नाही. पण दिग्दर्शक फसला तर पुढे त्याचं पुनर्मूल्यांकन होतं, आणि नटी फसली तर "आम्ही म्हणालोच होतो" होतं.

या पार्श्वभूमीवर १९७६चा 'टॅक्सी ड्रायव्हर' बघा. निवडणुकीच्या प्रचार कार्यालयातला तो प्रसंग आठवतो? बेट्सी आणि अल्बर्ट ब्रूक्सचा टॉम. पेपरवाल्याच्या तुटक्या बोटांवरून विषय निघतो आणि ती टॉमला तसंच बोटं दुमडून काडी पेटवून दाखवायला लावते. तो झटतोय, आणि ती इतक्या गंभीर चेहऱ्याने त्याची फिरकी घेतेय की हसू तिला आवरतंय की आपल्याला, कळत नाही. विनोदाची इतकी पक्की लय 'दिसायला छान' असण्यातून येत नाही. नंतर कॉफी शॉपमध्ये ट्रॅव्हिस, म्हणजे डी निरोचा टॅक्सीवाला, बडबडत असताना ती ऐकते, तेही बघा. कुतूहल, थोडी करमणूक, थोडी सावध भीती. ती तिथे नुसती शोभेची असती, तर हा माणूस किती विचित्र आहे हे आपल्याला तिच्या चेहऱ्यावरून कळलंच नसतं.

तरीही पुढची मोठी कामं आली नाहीत. १९७८मध्ये ती मेम्फिसला परतली, लग्न केलं, मुलगी झाली, छोट्या थिएटरांमधून नाटकं केली. हॉलीवूडच्या लेखी विषय संपला होता.

१९८५च्या मार्चमध्ये एबीसी या अमेरिकन वाहिनीवर 'मूनलायटिंग' ही तिची मालिका सुरू झाली. मॅडी हेज ही एकेकाळची प्रसिद्ध मॉडेल. एका शॅम्पूच्या जाहिरातीतला चेहरा म्हणून अख्खा देश तिला ओळखतो. हिशेब बघणारा माणूस पैसे घेऊन पसार होतो, आणि हाती उरते ती केवळ कर वाचवायला चालवलेली, तोट्यातली डिटेक्टिव्ह एजन्सी. ती चालवणारा आगाऊ डेव्हिड ॲडिसन म्हणजे ब्रूस विलिस, ज्याला तेव्हा कुणी ओळखत नव्हतं. दोघं एकमेकांच्या वाक्यावर वाक्य चढवत भांडतात, दारं आपटतात, मधेच प्रेक्षकांशी बोलतात. या धर्तीच्या, दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सच्या जुन्या विनोदपटांची तालीम तिला बॉग्दानोविचच्या संगतीत झाली होती. ज्या नात्यापायी इतके जोडे बसले, त्याचीच शिदोरी इथे कामी आली.

माझ्या मते इथे खरी गंमत आहे. आयुष्यभर जो शिक्का कपाळावर बसला, तोच तिने पात्र म्हणून अंगावर घेतला आणि त्यातून विनोद काढला. क्लोजअपमध्ये तिच्यासाठी ते धूसर, चकचकीत फिल्टर लावायचे, जुन्या जाहिरातीसारखे. आणि त्या मऊ प्रकाशात ही बाई विलिसवर खेकसत असते!

एक भाग तर पाहाच, 'द ड्रीम सीक्वेन्स ऑलवेज रिंग्ज ट्वाइस', ऑक्टोबर १९८५. बराचसा कृष्णधवल, चाळिसच्या दशकातला नाइट क्लब, आणि सिबिल गातेय. जिच्या गाण्याची दहा वर्षांपूर्वी टर उडवली होती, तीच. प्रास्ताविकाला स्वतः बुजुर्ग दिग्दर्शक-नट ऑर्सन वेल्स. सत्तरच्या दशकात तो बॉग्दानोविच आणि तिच्या घरी मुक्कामाला असायचा, जुनी ओळख. भाग दाखवला गेला त्याच्या पाचच दिवस आधी तो गेला होता. त्याच वर्षी एमी या टीव्हीच्या पुरस्कारांना ती काळ्या इव्हिनिंग गाऊनखाली भडक नारिंगी रीबॉकचे बूट घालून गेली. फोटो शोधा, चेहऱ्यावरचा आव बघण्यासारखा आहे.

तिच्याबरोबर काम करणं सोपं नव्हतं, हेही मान्य. 'मूनलायटिंग'च्या सेटवर धुसफूस होती, विलिसशी पटत नव्हतं, मालिकेचा कर्ता ग्लेन गॉर्डन कॅरन मधेच बाहेर पडला. १९८७मध्ये तिला जुळी झाली, विलिस 'डाय हार्ड' सिनेमाकडे वळला, १९८८चा लेखकांचा संप आला, १९८९मध्ये मालिका संपली. पुढे 'सिबिल' (१९९५ ते ९८) या सिटकॉमचा कर्ता चक लॉरही तसाच मधेच गेला. दोष कुणाचा किती, हे आपण इथे बसून ठरवू शकत नाही. नट तऱ्हेवाईक असला तर आपण त्याला मनस्वी म्हणतो, एवढंच नोंदवून ठेवतो.

'सिबिल'मध्ये ती पंचेचाळिशीची, दोन माजी नवरे असलेली, फुटकळ भूमिका आणि जाहिरातींवर जगणारी नटी आहे. पुढे आजीही होते. रजोनिवृत्तीवर, सुरकुत्यांवर तिथे मोकळेपणाने विनोद चालतात. मुखपृष्ठावरची पोरगी स्वतःच्या म्हातारपणाची थट्टा करतेय आणि मालिकेची कार्यकारी निर्मातीही तीच आहे. १९९६मध्ये तिला तिसरा गोल्डन ग्लोब मिळाला, याच मालिकेसाठी. आधीचे दोन 'मूनलायटिंग'चे.

अख्ख्या मालिका बघायला वेळ नसेल तर तो कृष्णधवल भाग तेवढा मिळवून बघा. 'मूनलायटिंग' गाण्यांच्या हक्कांपायी वर्षानुवर्षं अडकली होती, अमेरिकेत ती स्ट्रीमिंगवर यायला २०२३ उजाडलं, त्यामुळे थोडी शोधाशोध करावी लागेल. 'सिबिल' क्रिस्टीन बारान्स्कीसाठी बघितलीत तरी माझी हरकत नाही. ती त्यात मैत्रीण आहे, हातात कायम ग्लास, आणि एमी तीच घेऊन गेली.