तोळा दहा ग्रॅमचा झाला म्हणून तुमचं सोनं कमी झालेलं नाही

परवा रात्री साडेनऊला मिरजेहून मावशीचा फोन आला. काकांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी पाटल्या मोडायच्या ठरल्या होत्या. ती सराफाकडे गेली, वजन करून घेतलं आणि सोनं न मोडताच परत आली. का, तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक निरोप. तो मला आधी तीन ठिकाणांहून आला होता आणि मी न वाचता पुसला होता. आता मावशीचं काम अडलं म्हणून नीट वाचला.

निरोपात पाच गोष्टी आहेत. खरा तोळा 11.66 ग्रॅमचा, सराफ 10 ग्रॅमचा धरतात आणि तोळ्यामागे 1.66 ग्रॅम खिशात घालतात. परदेशातला औंसाचा भाव 28.35 ने भागा, म्हणजे सराफ किती खातो ते कळेल. हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेचा शिक्का, नसलेलं सोनं आता विकताच येत नाही. घरात 500 ग्रॅमच्या वर सोनं सापडलं की जप्त. आणि घट, म्हणजे सराफ वजनातून धरतो ती तूट, कापू द्यायची नसेल तर दागिने आधीच आटवून लगड करा, मग विका.

पहिल्यापासून घेऊ, कारण मावशी तिथेच अडकली. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा होता हे खरं आहे. बारा मासे म्हणजे तोळा, आठ गुंजा म्हणजे मासा. इंग्रजांनी 1833 मध्ये तो 180 ग्रेनचा (ग्रेन हे त्यांचं बारीक वजन) पक्का केला आणि चांदीचा रुपयाही त्याच वजनाचा पाडला. पुढे 1956 च्या कायद्याने मेट्रिक मापं आली. बाजाराने तोळा हा शब्द सोडला नाही, वजन मात्र दहा ग्रॅमचं धरलं. इथवर निरोप बरोबर आहे, पुढे सगळं खोटं. आज पेपरात जो ‘तोळ्याचा भाव’ छापून येतो तो दहा ग्रॅमचाच भाव असतो. जुन्या तोळ्याने मोजायचं तर भावही 11.66 ग्रॅमचा लावावा लागेल, आणि हातात पैसे तेवढेच येतील. भाव एका मापाचा आणि वजन दुसऱ्या मापाचं, असं केलं तरच कोणी बुडेल.

मावशीच्याच पाटल्या बघा. आजीच्या ट्रंकेत त्यांची पावती सापडली. पिवळा कागद, शाईने लिहिलेलं: पाटल्या जोड, तो. 4 मा. 3 गुं. 2. याचे ग्रॅम करा. चार तोळ्यांचे 46.66, तीन माशांचे 2.92, दोन गुंजांचे 0.24. एकूण सुमारे 49.8 ग्रॅम. सराफाच्या काट्यावर भरले 49.310. इतकी वर्षं हातात घासून अर्धा ग्रॅम झिजला, एवढाच फरक. सराफ म्हणाला, पाच तोळ्याला थोडं कमी आहे. मावशीने मनात हिशेब केला, पावतीवर सव्वाचार आणि हा म्हणतो पाच, म्हणजे काहीतरी घोळ आहे. घोळ काहीच नव्हता. जुन्या तोळ्याचा जास्तीचा 1.66 ग्रॅम तिच्याच पारड्यात पडला होता. ज्या आकड्याने तिचा फायदा दिसत होता त्याच आकड्याला घाबरून ती उठून आली, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

निरोपाला एक सवलत देतो, नाइलाजाने. समजा एखाद्याने काट्यावर न घालता नुसती पावती वाचली, ‘सव्वाचार तोळे’ धरले आणि दहा ग्रॅमचा भाव लावला, तर या पाटल्यांत सात ग्रॅमला चाट बसेल. म्हणून तोळ्यात बोलायचंच नाही. वैध मापन अधिनियम, 2009 चं कलम 11 स्पष्ट सांगतं की प्रमाणित एकक सोडून दुसऱ्या मापात भाव सांगता येत नाही, बिल करता येत नाही. काट्यावरचा आकडा ग्रॅममध्ये आपल्या डोळ्यांनी वाचायचा आणि चिठ्ठीवर तसाच लिहून घ्यायचा. काट्यावर वैध मापन खात्याचा शिक्का असतो, इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी करावी लागते. तो शिक्का दाखवा म्हणायला लाजू नये. (दुबईहून येणारं दहा तोळ्यांचं बिस्कीट अजूनही 116.64 ग्रॅमचंच असतं. कोणाकडे असेल तर त्याचेही ग्रॅमच बघा.)

आता औंस. 28.35 ग्रॅमचा औंस किराण्याचा, 437.5 ग्रेनचा. सोन्याचा औंस ट्रॉय, 480 ग्रेनचा, म्हणजे 31.1035 ग्रॅम. जगभर सोन्याचा भाव याच औंसात सांगतात. औंसाचा भाव 3,110 रुपये आहे असं समजा. 31.1 ने भागले तर ग्रॅमला 100 रुपये. 28.35 ने भागले तर जवळजवळ 110. हे जास्तीचे दहा रुपये सराफाने खाल्लेले नाहीत, ते निरोप लिहिणाऱ्याच्या भागाकारातून आलेत. भागाकार बरोबर केला तरी तो भाव चोख सोन्याचा असतो, दागिन्याचा नाही.

हॉलमार्कचं थोडक्यात. 16 जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने जी सक्ती आली ती सराफाने विकायच्या दागिन्यांवर आहे. तुमच्या आजीच्या पाटल्या तुम्ही आजही सराफाला विकू शकता. शंका असेल तर मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात स्वतः तपासून घेता येतात. 2022 मध्ये ग्राहकांसाठी ही सोय झाली तेव्हा चार नगांपर्यंत 200 रुपये दर ठेवला होता.

500 ग्रॅमचंही उलटंच सांगितलंय. आयकर खात्याच्या 11 मे 1994 च्या सूचनेत विवाहित स्त्रीसाठी 500, अविवाहित स्त्रीसाठी 250 आणि पुरुषासाठी 100 ग्रॅम असे आकडे आहेत. झडतीत एवढं सोनं सापडलं तर जप्त करू नका, असं ते अधिकाऱ्यांना सांगणं आहे. सोनं बाळगण्याची ती मर्यादा नाही. वारशाने आलेलं किंवा हिशेबातल्या पैशाने घेतलेलं सोनं कितीही असू शकतं, हे 1 डिसेंबर 2016 ला पुन्हा जाहीर केलेलं आहे.

राहिला पाचवा सल्ला, दागिने आटवून लगड करण्याचा. हा सल्ला लोकांना खड्ड्यात घालणारा आहे. मावशीने गल्लीतल्या एका माणसाला विचारूनही ठेवलं होतं! लगड झाली की दागिन्याची ओळख संपते. हॉलमार्क असेल तर तो गेला, जुनी पावती कशाची ते सांगता येत नाही, आणि सराफ ती लगड पुन्हा तपासणारच. म्हणजे घट टळत नाही, वर आटणाऱ्याच्या हातात किती राहिलं ते आपल्याला कळत नाही. मावशी पाटल्यांबरोबर बोरमाळही द्यायला निघाली होती. तिच्या मण्यांत लाख भरलेली आहे. मुशीत लाख जळून जाते, वजन उतरतं, आणि माणसाला वाटतं सोनं चोरलं. चोरलंही असेल, पण ते मग सिद्ध कसं करणार?

घटीवरून फसवणूक होते, हे मी नाकारत नाही. जुन्या दागिन्यात डाक, म्हणजे सांधा जोडणारं सोनं, हलक्या प्रतीचा असतो, कस म्हणजे शुद्धताही सगळीकडे सारखी नसते. शुद्धता तपासणारं मशीन वरवरचा थर वाचतं, म्हणून सराफ आटणी करून बघू म्हणतो. ती करायचीच असेल तर आपल्यासमोर, आधीचं आणि नंतरचं वजन लिहून. खरा पैसा इथे जातो. मावशीच्या पाटल्या 91.6 टक्के शुद्ध धरल्या तर चोख सोनं 45.17 ग्रॅम. कोणी 88 टक्के सांगितलं तर पावणेदोन ग्रॅम तिथेच गेले. या शुद्धतेच्या टक्क्यांना टंच म्हणतात, आणि तोळ्याच्या नावाने गळा काढणाऱ्या निरोपात हा शब्द एकदाही नाही.

मावशीला हे सगळं फोनवर दोनदा सांगितलं. सोमवारी आम्ही दोघं आधी हॉलमार्किंग केंद्रात जाणार आहोत, टंचाचा कागद घेऊन मग सराफाकडे. बोरमाळ ती परत ट्रंकेत ठेवतेय. निरोप तिला ज्यांनी पाठवला त्या शेजारच्या काकूंना हे तीच वाचून दाखवणार आहे.