भिंतीवरचे सदारंग

हॉलला नवा रंग दिला आणि सोफ्यासमोरची भिंत रिकामी राहिली. नवऱ्याला तिथे मोठा टीव्ही हवा होता, सासूबाईंना धावणारे सात घोडे. मला सदारंग हवे होते.

गवयांचे फोटो लागतील तेवढे मिळतात. हात वर गेलेले भीमसेनजी, डोळे मिटलेल्या किशोरीताई, सांगाल त्या मापात. पण हे लोक जन्मभर जे गायले ते रचलं कुणी, त्याचा फोटो मागून बघा. सदारंग म्हणजे नियामत खान, मोहम्मदशहा रंगीलेच्या दरबारातले बीनकार, म्हणजे रुद्रवीणा वाजवणारे. बादशहा १७१९ ते १७४८ गादीवर होता आणि त्याची चित्रं भरपूर आहेत, अगदी होळी खेळतानाचंसुद्धा. बीनकाराचं मागितलं की दुकानदार तानसेन काढतो. मध्ये दीडेकशे वर्षं गेली, पण पगडी आणि तंबोरा असला की त्याचं समाधान होतं.

भाचा म्हणाला, “मामी, एआयला सांगू.” त्याने ‘दरबारातला बीनकार’ असं टाकलं. गारुडी आला, समोर फणा काढलेला नाग. मग ‘रुद्रवीणा’ असं नीट लिहिलं, तर वीणेला दोनाऐवजी तीन भोपळे आणि वाजवणाऱ्याला सहा बोटं. द्रुतला, म्हणजे जलद लयीला, बरी पडली असती म्हणा.

तेव्हा सुचलं की बंदिशच लावावी. या माणसाने अंतऱ्यात, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागात, स्वतःचं नाव गुंफून ठेवलंय, वेगळा फोटो कशाला? भीमपलास रागातली ‘जा जा रे अपने मंदिरवा’ (मंदिरवा म्हणजे घर) निवडली, क्लासला जाणाऱ्या कुठल्याही पोरीला पाठ असलेली. भातखंडे पद्धतीत स्वरलिपी लिहिली: सोळा मात्रांचे रकाने, तालाच्या समेला फुली, ‘खाली’च्या मात्रेला शून्य, कोमल स्वराखाली आडवी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर. कागद प्रिंटिंगवाल्याकडे दिला.

संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर प्रूफ आलं. स्वच्छ, सुंदर, आणि एकही रेघ नाही.

“त्या काढल्या मॅडम. स्पेलिंग चुकलं की खाली येतात ना, तशा होत्या. टिंबं पण काढली, डाग वाटत होते.” फुल्या आणि शून्यं मात्र ठेवली होती. फुली-गोळ्याची डिझाइन चांगली दिसते म्हणे.

आता यातली गंमत गाणाऱ्यांनाच कळेल, पण इतरांनीही सोसावी. भीमपलासात गंधार आणि निषाद कोमल, म्हणजे थोडे उतरलेले. आरोहात रिषभ-धैवत नाहीत, अवरोहात सातही स्वर. त्या दोन स्वरांखालची रेघ पुसली की ते शुद्ध होतात आणि उरतो तो सांगाडा सरळ बिहाग रागाचा. भीमपलास दुपारचा, तिसऱ्या प्रहराचा. बिहाग रात्रीचा, दुसऱ्या प्रहराचा. पोराने एका क्लिकमध्ये सूर्य मावळवला होता. बिहागातला तीव्र मध्यम तेवढा नव्हता, पण जुन्या बिहागात तोही फारसा नसे असं जाणकार म्हणतात. म्हणजे चूकसुद्धा परंपरेला धरून.

मी दुकानात गेले. “अरे, हा ग वेगळा आणि तो ग वेगळा.”

त्याने झूम करून पाहिलं. “एकच फॉन्ट आहे मॅडम.”

दुसऱ्या प्रुफात त्याने भरपाई म्हणून सगळ्याच अक्षरांखाली रेघा दिल्या. कधीच कोमल न होणारा पंचमसुद्धा कोमल! १७३९ साली नादिरशहा दिल्लीतून मयूरासन घेऊन गेला, पण पंचमाला त्यानेही हात लावला नव्हता. शेवटी मीच त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि “इथे दे, इथे नको” करत एकेक रेघ घालून घेतली. मागे लग्नपत्रिकेवाले खोळंबले होते.

फ्रेम लागली. सासूबाईंनी चष्मा चढवून शब्द वाचायला सुरुवात केली. “‘सुन पावे मोरी सास ननदिया’... हे माझ्याबद्दल आहे का गं?”

“नाही हो आई, पावणेतीनशे वर्षांपूर्वीचं आहे.”

“म्हणजे तेव्हापासून चाललंय.”

पहिल्या पाहुण्यांनी भिंतीवरून हात फिरवला, फ्रेमवरचं नाव वाचलं आणि विचारलं, “सदारंगचा कलर का? फिनिशिंग छान आलंय.” लिटरचा भावही विचारला. नवरा खोकल्याचं निमित्त करून आत गेला.

खरी कमाल दुसऱ्या रविवारी झाली. सोसायटीतले एक काका मेन्टेनन्सच्या थकबाकीवर बोलायला येतात आणि जेवायची वेळ झाली तरी हलत नाहीत. ते नेमके फ्रेमसमोर टेकले. पहिली ओळ मोठ्याने वाचली, ‘जा जा रे अपने मंदिरवा’. थोडा वेळ गप्प बसले, आणि चहा न घेताच “बरंय, येतो” म्हणून उठले.

घोड्यांचा विषय त्या दिवशी संपला. आता बेल वाजली की कुणाला कुठे बसवायचं ते सासूबाई ठरवतात. परवा मला हळूच म्हणाल्या, “ती वरची ओळ तेवढी ठळक करून मिळते का बघ ना.”