टॅटू काढायचाय, पण आधी सुई दाखवा

चाळिशीला टेकले आणि मला टॅटू काढायचाय. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, लहानसा. घरात हे बोलून बसले आणि तेव्हापासून सगळ्यांनी मला घाबरवायची कामं वाटून घेतली आहेत. नवरा म्हणतो फार दुखतं. लेक म्हणते, मम्मी, तू निवडलेलं डिझाइन दोन वर्षांत जुनाट वाटेल. सासूबाईंना सोसायटीतल्या बायकांची काळजी.

या तिन्ही भीती मला बिनकामाच्या वाटतात. दुखणं तासाभरात संपतं. डिझाइन माझ्या हातावर असणार आहे, सोसायटीच्या नोटीस बोर्डावर नाही. माझा जीव अडकलाय तो वेगळ्याच ठिकाणी: ती सुई माझ्या आधी कुणाच्या कातडीत गेली होती? आणि गंमत म्हणजे हा एक प्रश्न सोडून लोक मला सगळं विचारतात.

आमच्या अमळनेरच्या मोठ्या आईला सांगितलं, तर तिने दोन्ही हात पुढे केले. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवं पडलेलं गोंदण. "आम्हले काय व्हयनं व माय?" आता या वाक्यापुढे काय बोलणार! पण मी त्यावर बराच विचार केला. गोंदणारीण यायची, एका ओट्यावर बसायची आणि त्याच जुडीतल्या सुयांनी गल्लीतल्या पोरीबाळी एकामागून एक गोंदून घ्यायच्या. कुणाला पुढे कावीळ झालीच, तर कावीळ उतरवणाऱ्याकडे जायचं, पथ्य पाळायचं. सुईवरच्या रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा, म्हणजे हिपॅटायटिस बीचा, विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला एक ते सहा महिने लागू शकतात. आषाढात गोंदलं आणि दिवाळीनंतर डोळे पिवळे झाले, तर कोण गोंदणाशी जोडून बघणार होतं? गोंदणामुळेच झाली असं मी म्हणत नाही. पण "काही झालं नाही" असं छातीठोक सांगायलाही कुणी हिशोब ठेवलेला नव्हता.

आजही आपल्याकडच्या यात्रांत पाळणा आणि भेळेच्या गाडीशेजारी बॅटरीवरचं मशीन घेऊन गोंदणवाला बसलेला असतोच. समोर प्लास्टिकच्या कागदावर नक्षी, बदाम, इंग्रजी अक्षरं. सुई फडक्याला पुसायची आणि पुढचा हात घ्यायचा. त्याच्यावर माझा राग नाही, पोटासाठी बसलाय बिचारा. पण पोरांना तिथे पाठवू नका, हे मी स्पष्ट सांगेन. ऑनलाइन मशीन मागवून होस्टेलच्या खोलीत मित्रांच्या हातावर शिकणारी मुलंही त्याच रांगेतली.

दुकानात काढला म्हणजे निभावलं, असंही नाही. एसी आहे, काचेचा दरवाजा आहे, भिंतीवर गुमास्ता परवाना आहे. तो परवाना दुकान चालवण्याचा आहे, सुई निर्जंतुक असण्याशी त्याचा काही संबंध नाही. मी चौकशीला गेले होते, तिथे एका ठिकाणी कलाकाराने हातमोजे घातले, त्याच हातांनी मोबाईल उचलला, व्हॉट्सॲपवर कुणाला तरी व्हॉइस मेसेज पाठवला आणि परत समोरच्या मुलाच्या रक्त आलेल्या दंडाला हात लावला. मोज्यांनी त्याचे हात वाचले, त्या मुलाचं काय? दुसरीकडे सुया निळ्या लाइटच्या पेटीत ठेवलेल्या होत्या. "मॅडम, यूव्ही आहे." ती अतिनील किरणांची पेटी अवजारं निर्जंतुक करत नाही. स्पिरिटने पुसल्यानेही होत नाही. त्याला ऑटोक्लेव्ह लागतो, म्हणजे दाबाखालची वाफ, 121 अंशाला, किमान पंधरा-वीस मिनिटं. आणि सुई तर परत वापरायचीच नसते. ती सीलबंद पाकिटातून आपल्या डोळ्यांसमोर निघाली पाहिजे, पाकिटावर मुदत छापलेली पाहिजे, आणि काम झाल्यावर ती सुयांच्या टाकाऊ डब्यात पडलेली आपल्याला दिसली पाहिजे.

एवढी खबरदारी कशासाठी, तर टॅटूची सुई वरवर ओरखडत नाही. ती मिनिटाला शेकडो वेळा एक-दोन मिलिमीटर आत, कातडीच्या दुसऱ्या थरात जाते. वरचा थर झडत राहतो, म्हणून शाई तिथे टिकत नाही. आतल्या थरात शरीराच्या रक्षक पेशी तिला धरून बसतात, म्हणून टॅटू जन्मभर राहतो. शाईसोबत दुसरं काही गेलं तर तेही थेट आतच जातं. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा, निदान सात दिवस तग धरतो. ज्याच्या अंगात तो असतो त्याला बहुतेक वेळा वर्षानुवर्षं पत्ताच नसतो. त्यामुळे "आपल्याकडे चांगल्या घरचीच मुलं येतात" हे जे उत्तर मला मिळालं, त्याला काडीचा अर्थ नाही.

शाईचं आणखी वेगळं. मोठ्या बाटलीतून लहान टोपणात शाई काढतात. उरलेली परत बाटलीत ओतली, तर नवी सुई असूनही सगळं मुसळ केरात. शाई पातळ करायला नळाचं पाणी वापरलं, तरी तेच. अमेरिकेत रॉचेस्टर शहरात 2011-12 मध्ये एकाच कलाकाराकडे गेलेल्या 19 जणांना कातडीचा चिवट संसर्ग झाला होता. तपासात जंतू तयार मिळणाऱ्या करड्या शाईत सापडले, न उघडलेल्या बाटलीतसुद्धा. म्हणजे कलाकार काळजी घेणारा असला तरी शाई कुठल्या कंपनीची, बाटलीवर बॅच नंबर आहे का, हे विचारावंच लागतं. लाल रंगाची ॲलर्जी सगळ्यात जास्त दिसते, म्हणून मी काळ्यावरच थांबले आहे. ज्यांची जखम भरल्यावर गाठीसारखी फुगते त्यांनी, आणि शुगर किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेल्यांनी, आधी डॉक्टरांना विचारावं. गरोदरपणात तर नकोच.

आता आपल्या खानदेशापुरतं बोलते, कारण पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून आपली पोरं तारीख ठरवतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या पुढे जातो. ताजा टॅटू म्हणजे उघडी जखम, वरून भरायला दोन ते चार आठवडे. त्यावर ऊन नको, घाम नको, पोहणं नको. आणि आपण स्कूटीवर जाताना घालतो तो सनकोट दिवसभर त्याच जागी घासत राहणार. परीक्षा संपल्या, सुट्टी लागली म्हणून बरोबर तेव्हाच मुलं रांग लावतात! शेतात जाणाऱ्यांची अडचण आणखी मोठी. कापूस वेचणीत माती आणि फवारणीचं औषध. केळीचा घड उचलणाऱ्याच्या खांद्यावर टॅटू असेल, तर चीक आणि घर्षण दोन्ही. जानेवारीचा थंड पंधरवडा त्यातल्या त्यात बरा.

भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट, कारण पहाटे मैदानावर धावणाऱ्या पोरांच्या दंडावर मला वाघ आणि त्रिशूळ दिसतात. सैन्यभरतीच्या नियमांत कायमचा टॅटू कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागच्या बाजूलाच चालतो. आदिवासी उमेदवारांना परंपरेच्या गोंदणासाठी सवलत आहे. दंडावर काढण्याआधी चालू जाहिरात नीट वाचा. आणि रक्तदान करणाऱ्यांनो, टॅटूनंतर बारा महिने रक्तपेढी तुमचं रक्त घेणार नाही.

मी स्वतः हिपॅटायटिस बीची लस सुरू केली आहे. तीन डोस असतात, पहिला, मग महिन्याने, मग सहाव्या महिन्यात. आपल्या वयाच्या बहुतेकांना लहानपणी ही लस मिळालेली नाही, देशभर सगळ्या बाळांना ती 2011 पासून मिळू लागली. रक्तातूनच पसरणाऱ्या दुसऱ्या काविळीला, हिपॅटायटिस सीला, लसच नाही, म्हणून लस घेतली तरी सुईचं पाकीट बघायचंच. आणि "पाकीट माझ्यासमोर फोडाल का?" असं विचारलं की काही जण असे बघतात जणू आपण त्यांच्या खानदानाचा अपमान केला. आपण भिडस्त माणसं. भाजीवाल्याकडे वांगं चार वेळा उलटून बघतो आणि इथे ओशाळतो. मी ज्याच्याकडे थांबायचं ठरवलंय, त्या मुलाने विचारल्यावर हसून स्वतःहून मुदतीची तारीख दाखवली आणि म्हणाला, ताई, तुमची लस पूर्ण झाल्यावर या, घाई नाही. गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस मला पटला.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ज्यांनी टॅटू काढलाय त्यांनी कमेंटमध्ये एवढंच सांगा, पाकीट तुमच्यासमोर फोडलं होतं का आणि जखम भरायला किती दिवस लागले. डिझाइन सुचवू नका, ते ठरलंय. आणि लेकीने टॅग केलं तर तिला सांगू नका काय ठरलंय ते.