अंगण खरोखरच वाकडं

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण ज्याला सुचली त्याने स्वस्तातलं गोल्फचं मैदान पाहिलेलं नसणार. तिथे अंगण खरोखरच वाकडं असतं, आणि मी तिथे खेळायला जातो तो त्याचसाठी.

चांगल्या मैदानावर मी एकदाच गेलोय, तेही कुणाच्या तरी पाहुणचारावर. तिथलं गवत असं की त्यावर बूट घालून चालायलाही संकोच वाटावा. त्या गवतावरून माझा चेंडू थेट तळ्यात गेला, तेव्हा बरोबरचे तिघंही काही बोलले नाहीत. बोलण्यासारखं काही नव्हतंच. वारा नव्हता, खड्डा नव्हता, फांदी मध्ये आली नव्हती. जे झालं ते मीच केलं होतं. असं उघडं पडणं मला परवडत नाही. मी मुकाट्याने आमच्या जुन्या मैदानावर परतलो.

हे मैदान नऊ होलचं, म्हणजे चेंडू घालायची नऊ भोकं. अठरा खेळायचे तर तेच नऊ पुन्हा खेळायचे. यावर कुणी नाक मुरडलं की मी त्याला सेंट अँड्र्यूजची गोष्ट सांगतो. गोल्फचं माहेरघर ते, पण तिथे फेरी असायची २२ होलची. १७६४ साली सुरुवातीच्या चार होलचे दोन केले. ते जाता-येता दोन्ही वेळा खेळले जात, त्यामुळे बावीसचे आपोआप अठरा झाले. म्हणजे अठरा हे काही ब्रह्मवाक्य नाही. (ही गोष्ट मी साधारण तिसऱ्या होलवर सांगतो, कुणी माझा स्कोअर, म्हणजे किती फटके लागले ते, विचारला की.)

त्या दिवशी आम्ही तिघं होतो. पैसे घेणाऱ्या खिडकीतला माणूस म्हणाला, "तिघंच ना? मग या आजींना घ्या बरोबर." आजी सत्तरीच्या पुढच्या. बॅगेत मोजून पाच क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या. नियमाने चौदा नेता येतात, आणि मी चौदाच्या चौदा नेतो. वापरतो तीन. बाकीचे अकरा खांदा दुखल्याचं कारण सांगायला उपयोगी पडतात.

पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, गवत नाही, रबरी चटई आहे. तिच्या मधोमध पिढ्यान् पिढ्यांच्या चुकांनी एक भोक पडलंय. आमच्यानंतर खेळणारी चौकडी मागे हाताची घडी घालून उभी. मी श्वास घेतला, खांदे वळवले, ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, फिरवला. चेंडू जागचा हलला नाही. गोल्फमध्ये मारायच्या इराद्याने क्लब फिरवला की चेंडूला लागो न लागो, फटका मोजला जातो. इतर ठिकाणी माझ्या इराद्यांना कुणी विचारत नाही, इथे तेवढेच धरले जातात.

"सराव होता का?" आजींनी विचारलं.

"चटई सरकली," मी म्हणालो. ते खरंही होतं. थोडंसं.

दुसरा फटका लागला आणि सुरुवातीला सरळ गेलाही. मग त्याला उजवीकडे कुणीतरी ओळखीचं दिसलं. याला स्लाइस म्हणतात. क्लबचं तोंड जरा उघडं राहिलं की चेंडू तिरका गिरक्या घेत निघतो. गोल्फच्या चेंडूवर साधारण ३०० ते ५०० खळगे असतात. ते हवेला चेंडूलगत जरा जास्त वेळ धरून ठेवतात, त्यामुळे मागची ओढ कमी होते. गुळगुळीत चेंडू जेमतेम निम्मं अंतर जाईल. म्हणजे एवढ्या हुशार मंडळींनी इतकं डोकं चालवलं ते कशासाठी, तर माझा चेंडू शेजारच्या होलच्या कापलेल्या पट्ट्यात, म्हणजे फेअरवेवर, दुप्पट आत जावा म्हणून.

अशा वेळी "फोर!" असं ओरडायचं असतं. डोकं सांभाळा, असा त्याचा अर्थ. पण क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला फोर म्हटलं की चौकार कुठे गेला ते बघायची सवय. शेजारच्या फेअरवेवरचे गृहस्थ मान उंचावून आकाशात शोधू लागले. चेंडू त्यांच्यापासून चार हातांवर पडला. त्यांनी टाळी मात्र वाजवली नाही.

मग शोधाशोध. २०१९पासून चेंडू शोधायला तीनच मिनिटं मिळतात, पूर्वी पाच मिळायची. आमच्या मैदानावर घड्याळ कुणी बघत नाही, कारण स्वतःचा चेंडू शोधताना दुसऱ्याचे सापडतात. कडेच्या न कापलेल्या रफमधलं गवत गुडघ्यापर्यंत, त्यात शिरलं की एखादा पिवळा पडलेला, एखादा अर्धा मातीत रुतलेला, असं काही ना काही हाती लागतं. वर्षअखेरीला जमाखर्च बरोबर होत असावा. मी माझ्या चेंडूंवर हिरव्या पेनने दोन ठिपके काढतो. चेंडूवर खूण करावी असं नियमच सुचवतात. त्याचा एकमेव परिणाम असा, की मैदानात कुठेही तो सापडला तरी तिथे कोण गेलं होतं ते सगळ्यांना कळतं.

एव्हाना आजी ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीच्या, तोंडाशी. त्यांचा फटका लांब जात नाही. शंभर पावलं जातो, पण ज्या दिशेला तोंड असेल त्याच दिशेला. पुन्हा शंभर पावलं. त्या आपल्या भाजी निवडल्यासारख्या शांतपणे मारत होत्या.

आमच्या ग्रीनबद्दल काय सांगावं. हिरवं म्हणायचं ते रीत म्हणून. चौथ्या होलवर तर भोकापासून हातभर अंतरावर मुंग्यांनी मातीचा ढीग उभारलाय. तो बाजूला सारायला नियमाची परवानगी आहे, फक्त मुंग्यांनी नियम वाचलेले नाहीत. दर आठवड्याला आम्ही तो सारतो, दर आठवड्याला तो असतो. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे अडीच चेंडू शेजारी शेजारी मावतील एवढा. ऐकायला ऐसपैस वाटतं. माझा अठरा होलचा स्कोअरही चांगल्या दिवशी १०८च असतो, त्यामुळे तो आकडा मला घरच्यासारखा आहे.

तिथे मी पटर, म्हणजे चेंडू घरंगळवायचा क्लब, घेऊन खाली बसलो, एक डोळा मिटला, टीव्हीवर करतात तसा. काय बघायचं असतं ते मला अजून कळलेलं नाही. हलकेच मारला. चेंडू गवत उडालेल्या टकलावर गेला, थबकला आणि डावीकडे वळून उतारावरून ग्रीनच्या बाहेर.

"बघितलंत?" मी विजयाने म्हणालो. हाच तो क्षण, ज्याच्यासाठी मी पैसे भरतो. "या मैदानाला काही अर्थच नाही. सगळं डावीकडे पळतं."

"हो ना, फार पळतं," आजी म्हणाल्या. "म्हणून मी उजवीकडे मारते."

आणि त्यांनी मारला. चांगला दोन हात उजवीकडे. चेंडू मुंग्यांच्या ढिगाला वळसा घालून टकलावरून रमतगमत खाली आला आणि टप् करून आत. पार, म्हणजे होलला ठरवून दिलेल्या फटक्यांत बरोबर.

माझ्या मित्राने टाळ्या वाजवल्या. मी त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने शेवटची टाळी अर्ध्यावर सोडली.

त्यानंतरचे पाच होल फार वाईट गेले. खेळ नेहमीचाच होता, पण तोंड उघडायची सोय राहिली नाही. सातव्याच्या बंकरमध्ये वाळू म्हणून नाही, नुसती पाटीसारखी कडक माती. एरवी त्यावर मी दहा मिनिटं बोललो असतो. पण आजींचा चेंडूही तिथेच पडला होता. त्यांनी सरळ पटर काढला आणि घरंगळवत बाहेर आणला. मी सँड वेज या वाळूसाठीच्या क्लबने चार फटक्यांत मातीची चार ढेकळं बाहेर काढली. चेंडू पाचव्यात आला.

"आठ ना तुमचे?" स्कोअरकार्ड त्यांच्याकडे होतं.

"सात."

"झाडामागचा धरलात?"

"आठ," मी म्हणालो.

नववा संपल्यावर सगळ्यांनी टोप्या काढल्या, हात मिळवले. मी बॅग बंद करत होतो तेवढ्यात आजींनी आपल्या बॅगेचा बाजूचा कप्पा उघडला आणि एकेक चेंडू माझ्या तळहातावर ठेवायला लागल्या. पहिल्यावर दोन हिरवे ठिपके. दुसऱ्यावर दोन. तिसऱ्यावर एक स्पष्ट आणि एक चिखलाखाली.

"हा कुंपणाजवळ होता, हे दोन ओढ्याशी," त्या म्हणाल्या. मग जरा विचार करून आणखी एक कोरा करकरीत चेंडू काढला.

"हा तुमचा नाही. पण तुम्हाला लागेल."