आठ फूट, नऊ कड्या

मासे पकडायचा रॉड मी घरी बांधतो असं सांगितलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. ‘विकत मिळत नाही का?’ हा पहिला आणि ‘किती फुटी?’ हा दुसरा. खरं दुखणं तिसऱ्या प्रश्नात आहे आणि तो कुणी म्हणजे कुणी विचारत नाही. रॉडवर त्या कड्या असतात ना, ज्यांतून दोरी ओवतात, त्या किती घ्यायच्या, केवढ्या घ्यायच्या आणि बसवायच्या कुठं? दुकानातल्या रॉडवर त्या आधीच बसलेल्या असतात, त्यामुळे त्या रॉडला उपजतच फुटतात अशी साधारण समजूत आहे. माझीही होती. सुखाचे दिवस होते ते.

बाकीची सामग्री ठरवणं तसं अवघड नाही. नुसती काठी, जिला ब्लँक म्हणतात, ती खिशाला विचारून घ्यायची. मूठ तळहाताला विचारून. रील, म्हणजे दोरी गुंडाळून ठेवायची फिरकी, घरात असतंच, बायकोच्या मते गरजेपेक्षा जास्तच. कड्यांचं मात्र कुणाला विचारावं कळत नाही, कारण ज्याला विचारावं तो छातीठोकपणे सांगतो आणि प्रत्येकाचं वेगळं असतं.

मला रेवदंड्याच्या खाडीत जिताड्यासाठी रॉड हवा होता. आठ फुटी, दोन तुकड्यांचा, ३००० साइजच्या स्पिनिंग रीलला शोभेल असा. रायगडात जिताडा हा पाहुण्याच्या मानाचा मासा, पण त्याला स्वतःला पाहुणचाराची हौस नाही. गळाला लागला की तो तडक दगडांकडे नाहीतर बुडालेल्या खांबांकडे पळतो, दोरी घासून तोडतो आणि मोकळा होतो. त्याला वेळेत वळवायचा तर ताण सगळ्या काठीभर नीट पसरला पाहिजे. तो पसरवण्याचं काम कड्यांचं. त्या चुकीच्या जागी असल्या तर काठी एकाच ठिकाणी बिचारी मान मोडेस्तोवर वाकते.

संख्येचा नियम सगळ्यांना पाठ असतो: जितके फूट तितक्या कड्या आणि वर एक. आठ फुटांना नऊ. इथवर एकमत. मग कुणीतरी हळूच विचारतो, ‘शेंड्याची धरून की सोडून?’ आणि सभा उधळते. शेंड्याची कडी ही मुळात वेगळ्या कुळातली. बाकीच्या कड्या पायाशी दोऱ्यानं बांधायच्या असतात, हिला नळी असते आणि ती काठीच्या टोकावर टोपीसारखी चढते. त्या नळीचं माप इंचाच्या चौसष्टाव्या भागात, तर कडीच्या चकतीचं माप मिलिमीटरमध्ये, तेही बाहेरच्या व्यासाचं. म्हणजे साडेपाच नंबरची कडी घेतली तरी आतलं भोक त्याहून लहानच. एकाच काठीवर दोन राज्यांचे कायदे. माझ्या ब्लँकचं टोक पाच चौसष्टांशापेक्षा जाड आणि सहा चौसष्टांशापेक्षा बारीक निघालं. या दोन मापांत फरक किती, तर जेमतेम ०.४ मिलिमीटर. तेवढ्या ०.४ मिलिमीटरसाठी मी व्हर्नियर कॅलिपर घेऊन दिव्याखाली बसलो होतो. लेकीनं येऊन विचारलं, ‘बाबा, तुझी परीक्षा आहे का?’

चकती कशाची, हा पुढचा प्रश्न, आणि तो पैशांनीच सुटतो. ब्रेडची, म्हणजे बारीक तंतूंची वेणी घालून केलेली दोरी साध्या धातूच्या कडीला कालांतरानं खाच पाडते, म्हणून आत सिरॅमिकची चकती हवी. सिलिकॉन कार्बाइडची घेतली तर तिचा कठीणपणा मोहच्या मापावर साडेनऊच्या आसपास, म्हणजे वर फक्त हिऱ्याचे दहा. हे मी घरात अभिमानानं सांगितलं. ‘हिऱ्याच्या जवळपासचं काहीतरी आणलंस,’ बायको म्हणाली, ‘ते माशासाठी.’ चौकट टायटॅनियमची घ्यावी, खाऱ्या पाण्यात गंजत नाही, हे मी मग सांगितलंच नाही. मुकाट्यानं स्टीलची घेतली.

आता खरा वाद. स्पिनिंग रीलवरून दोरी सरळ सुटत नाही, गिरक्या घेत सुटते. या गिरक्यांना आवर कसा घालायचा यावर रॉड बांधणाऱ्यांत उभी फूट आहे. जुन्या मताचे लोक म्हणतात, दमानं घ्या. रीलकडची पहिली कडी चांगली परातीएवढी, पुढची त्याहून लहान, असं करत करत शेंड्यापर्यंत एक लांबलचक नरसाळं तयार होऊ द्या. नव्या मताचे म्हणतात, कशाला लाड? पहिली कडी लहानच पण उंच पायांची घ्या, पुढच्या दोन झपाझप लहान करा, २०, १० आणि ५.५, आणि एकदा गिरकी मोडली की शेंड्यापर्यंत सगळ्या ५.५ च्याच. शेंडा हलका राहतो आणि शेंड्यावरचा एकेक ग्रॅम हाताला कळतो. जपानच्या फुजी कंपनीनं या मतासाठी चौकटी पुढं झुकलेल्या कड्या काढल्या आहेत. दोरीचा वेढा चुकून कडीवर चढलाच तर उतारावरून आपोआप पुढं घसरतो. मी नव्या मतात गेलो, विचार पटला म्हणून आणि लहान कड्या जरा स्वस्त पडतात म्हणून. यातलं कोणतं कारण मोठं ते माझ्यापाशीच राहू द्या.

नव्या मतात गिरकी मोडणाऱ्या कडीची जागा भूमितीनं सापडते. रीलच्या मधल्या दांड्याची रेषा सरळ पुढं वाढवायची, ती ब्लँकला जिथं छेदेल तिथं ती कडी. कागदावर फार सुंदर दिसतं. पण काही रीलचा दांडा ब्लँकला जवळजवळ समांतर असतो. माझ्या रीलची रेषा ब्लँकला गाठायला डोंबिवलीहून निघाली असती तर कल्याणच्या अलीकडं थांबली नसती. शेवटी अंदाजानं खूण केली आणि भूमितीला नमस्कार केला.

काठीच्या कण्याचंही एक प्रकरण आहे. ब्लँक कार्बनच्या कापडाची गुंडाळी करून बनतो, त्यामुळे एका अंगाला तो किंचित जास्त ताठ असतो. टोक दाबून काठी फिरवली की ती हाताखाली टुणकन उडी मारून एका बाजूवर स्थिरावते. कड्या त्या बाजूनंच लावा, नाहीतर रॉड हातात पीळ खाईल, असं एक मत. दुसरं मत म्हणतं, पीळ कण्यामुळं नव्हे तर कड्या वर असल्या की बसतो. स्पिनिंगला त्या खालीच लटकतात, तेव्हा कणा विसरा आणि काठी ज्या अंगानं सरळ दिसते त्या अंगानं लावा. मला दुसरं मत पटतं. पहिल्या मताच्या लोकांना मी ते सांगत नाही, कारण त्यांच्याकडून उसनी आणलेली दोरा गुंडाळायची घोडी अजून माझ्याकडंच आहे.

इथपर्यंत सगळं माझ्यापुरतं होतं. मग उन्हाळ्यात सासरे राहायला आले.

अण्णा वीजखात्यातून निवृत्त झालेले. उभं आयुष्य त्यांनी रानावनातून खांब रोवले आणि त्यांवर तारा ओढल्या. हॉलमध्ये मी रॉड खिडकीच्या गजाला बांधून त्यावर कड्या तात्पुरत्या बसवत होतो. त्यासाठी दातांच्या तारांना लावतात ती इवली रबरं उत्तम, आणि लेकीच्या दातांना तारा असल्यानं घरात पाकीटच्या पाकीट होतं. अण्णा पेपर खाली ठेवून बराच वेळ बघत राहिले.

‘जावईबापू, ही लाईन कुठून कुठं चालली आहे?’

मी समजावलं. त्यांनी ताबडतोब पट्टी मागितली. ‘अंतरं सारखी नाहीत तुमची.’

‘सारखी ठेवायची नसतातच, अण्णा. शेंड्याकडं काठी जास्त वाकते, म्हणून तिथं कड्या दाट. शेंड्यापासून पहिली चार इंचांवर, पुढची त्याहून थोडी जास्त, अशी वाढत जातात.’

अण्णा थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर तीसेक वर्षांची नोकरी सरकून गेली. ‘म्हणजे वळणावर खांब जवळ जवळ,’ ते म्हणाले. ‘मग असं सांगा ना! सपाटीवर दोन खांबांतला स्पॅन लांब, वळणावर आखूड. नाहीतर सगळा ताण एकट्या कोपऱ्यातल्या खांबावर येतो आणि तो आडवा होतो.’

एवढी साधी गोष्ट मला कुणी इतक्या नीट सांगितली नव्हती. त्या क्षणापासून तो रॉड माझा राहिला नाही.

ताणाची परीक्षा अण्णांनी स्वतःच्या देखरेखीखाली घेतली. दोरी सगळ्या कड्यांतून ओवून शेंड्याबाहेर काढायची, टोकाला वजन बांधायचं आणि काठी वाकली की बघायचं, दोरी काठीच्या बाकाबरोबर चालते की कुठं बाक सोडून सरळ धावते. जिथं ती सरळ धावते तिथं कड्यांत अंतर फार. दोरीचा कोपरा जिथं टोकदार होतो तिथल्या कडीवर भार फार. वजन म्हणून दोन किलो तांदळाची पिशवी बांधली. ती पिशवी हॉलच्या मध्यावर, टीव्हीच्या बरोब्बर समोर लोंबत होती आणि सासूबाई तिच्या एका बाजूनं मालिका बघत होत्या. अण्णा गुडघ्यावर बसून ‘पाचवी अर्धा इंच पुढं… अहं, फार झालं, मागं घ्या’ असं करत होते. एक कडी सरकवली की शेजारच्या दोघींचं बिघडतं. त्या दोघींना समजावेपर्यंत शेंड्याकडची रुसते. भाताची वेळ झाली तेव्हा बायकोनं आमची परवानगी न घेता वजन सोडवून नेलं. पुढची परीक्षा तुरीच्या डाळीवर झाली.

सगळं जमत आलं आणि लक्षात आलं की एका कडीची नेमकी योग्य जागा दोन तुकड्यांच्या सांध्यावर येते. सांध्यावर कडी बसवता येत नाही, काठी खोलणार कशी? मी हताश झालो. अण्णा मात्र खुलले. ‘हे तर रोजचंच हो. सर्व्हेत खांब हमखास कुणाच्या तरी विहिरीत येतो. खांब सरकवायचा आणि पुढचे-मागचे सांभाळून घ्यायचे.’ कडी सांध्याच्या पुढं गेली आणि तिच्या पुढच्या-मागच्या कड्यांनीही थोडी थोडी जागा सोडली. कड्यांच्या जागांच्या नकाशावर पेन्सिलनं नवी अंतरं लिहून खाली अण्णांनी सही केली, तारखेसकट.

मग बांधणी. कडीचा पाय टोकाला जाड असतो. तो कानशीनं घासून उतरता करावा लागतो, म्हणजे दोरा ब्लँकवरून पायावर खाच न पडता चढतो. पायाच्या खालची धारही बोथट करावी लागते, नाहीतर तीच ब्लँकला कापते. नायलॉनचा बारीक दोरा वेढ्याला वेढा खेटून गुंडाळत जायचा. शेवटचे सात-आठ वेढे उरले की त्यांच्याखाली वेगळ्या दोऱ्याचा फासा ठेवायचा, गुंडाळी संपली की दोऱ्याचं टोक त्या फाशात घालायचं आणि फासा ओढून घ्यायचा. टोक वेढ्यांखाली गडप होतं. गाठ कुठंच नाही. हे पहिल्यांदा बघून सासूबाईंनी मालिका थांबवली होती. ‘पुन्हा करून दाखवा’ म्हणाल्या.

वेढ्यांवर शेवटी इपॉक्सीचा हात. दोन द्रव सिरिंजनं मोजून समसमान घ्यायचे आणि बुडबुडे येऊ नयेत म्हणून सावकाश ढवळायचे. मग ब्रशनं लावायचं आणि रॉड आडवा ठेवून काही तास सतत फिरवत ठेवायचा, नाहीतर इपॉक्सी ओघळून खालच्या अंगाला पोट सुटतं. फिरवायला मी भंगारातल्या मायक्रोवेव्हची तबकडीची मोटर लावली होती, मिनिटाला पाच-सहा फेरे. धूळ बसू नये म्हणून पंखा बंद. मे महिना, डोंबिवली, पंखा बंद. घरच्यांनी त्या संध्याकाळी मला जे ऐकवलं ते इथं नको.

हात लावून झाला, मोटर घरघरायला लागली, स्पिरिटच्या दिव्यानं बुडबुडे फोडले आणि बाहेर वळवाचा वारा सुटला. पाचव्या मिनिटाला वीज गेली.

रॉड थांबला. अंधारात सगळे अण्णांकडं वळले. दिसत नव्हतं, पण वळल्याचं कळत होतं.

‘अर्ध्या तासात येईल,’ अण्णा सवयीनं म्हणाले. मग त्यांच्याच लक्षात आलं की हे वाक्य आयुष्यभर त्यांनी फोनच्या दुसऱ्या टोकाकडून म्हटलं होतं आणि त्याचा अर्थ घरात सगळ्यात चांगला त्यांनाच ठाऊक आहे. ते खुर्ची ओढून रॉडच्या मुठीशी बसले. ‘मी फिरवतो. तुम्ही टॉर्च धरा.’

मग पाळ्या लागल्या. अण्णा, मी, पुन्हा अण्णा. मध्ये बायकोनं वीसेक मिनिटं काढली, फिरवता फिरवता दुसऱ्या हातानं वारा घेत. अण्णांची लय सगळ्यांत चांगली होती, मोटरला लाजवेल अशी. शेजारच्या बिल्डिंगमधून कुणीतरी ओरडून विचारलं, ‘तुमच्याकडं आली का?’ आणि अण्णांनी रॉड न थांबवता उत्तर दिलं, ‘फॉल्ट शोधतायत, धीर धरा!’ वीज आली तेव्हा इपॉक्सी ओघळण्यापलीकडं गेली होती आणि अण्णा खुर्चीतच घोरत होते, मूठ हातात.

सकाळी मी उठलो तर अण्णा गॅलरीत उभे. रॉड डोळ्याशी धरून, एक डोळा मिटून, मुठीकडून शेंड्याकडं कड्यांची रांग तपासत होते.

‘जावईबापू, चौथी जरा डावीकडं गेली आहे.’

इपॉक्सी दगडासारखी घट्ट झाली होती. आता ती कडी हलवायची तर सगळं कापून पुन्हा पहिल्यापासून.

‘अण्णा, चौथी तुम्ही लावली होती.’

त्यांनी रॉड उलटा केला आणि शेंड्याकडून मुठीकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

‘मग माझ्या बाजूनं बरोबर आहे,’ ते म्हणाले, आणि दात घासायला गेले.